जंबिरीवरची महाळुंग

नांदूरघाटला रामकिसनरावांचे घर कोणते असे विचारले, तर माणसे क्षणभर थांबत. 'महाळुंगीचे घर' म्हटले की मात्र लगेच बोट दाखवत. घराच्या मागे विहीर होती. मोटेचे पाणी जिथे पडे तिथून एक पाट परसात जाई, आणि त्या पाटाच्या काठाला ते महाळुंगीचे, लिंबाच्या जातीचे, काटेरी झुडूप उभे होते. उंची पुरुषभर. फळे मात्र दोन्ही हातांत धरावी लागत इतकी मोठी, पिवळी आणि खडबडीत. खायला म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता. आत रस थोडा, तोही आंबट. बाकी सगळी जाड साल. पण त्या सालीचा पाक होई, आणि तो पाक रामकिसनरावांच्या मंडळी, तुळजाबाई करत.

साल किसायची, मिठाच्या पाण्यात तीन दिवस ठेवायची, रोज पाणी बदलायचे, मग उकडून, पिळून, गुळाच्या पाकात सुंठ आणि वेलदोडा घालून शिजवायची. पोटुशी बाई, जिच्या पोटात घोटभर पेजही ठरत नाही, तिने सकाळी हा पाक बोटभर चाटला की तिला निदान दुपारपर्यंत उभे राहता येई. आतेसासू जानकीबाईंनी तुळजाबाईंना हे शिकवले, आणि जानकीबाई गेल्यावर पाच-सहा गावांतल्या बायका त्यांच्याकडे येऊ लागल्या. कुणी वाटी घेऊन येई, कुणी नुसतीच येई. तुळजाबाई कुणाला परत पाठवत नसत. त्यांना ते आवडत असे, हेही खरे. दारात कुणी 'आक्का, हाय का थोडा?' म्हणाले की त्या उगाच थोडा वेळ लावून उठत.

निजामाच्या फसली सन १३२४ च्या पावसाळ्यात महाळुंगीच्या बुंध्यातून डिंक गळू लागला. आधी एक फांदी वाळली, मग दुसरी. तुळजाबाईंनी फाटे तोडून दुसरीकडे लावून पाहिले. ते फुटले, पण तिथली माती काळी आणि चिकण. पावसाळा संपेपर्यंत मुळे कुजून गेली. दुसऱ्यांदा लावले, तेही गेले.

बाजारच्या दिवशी फळे विकायला येणारा रहीमभाई त्यांच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकत असे. तरुणपणी तो एका जहागीरदाराच्या बागेत कामाला होता. त्याने बुंध्याला नख लावून पाहिले आणि मान हलवली.

"बाई, ही जाणार. एक वरीस, लई तर दीड."

"बी लावू का?"

"लावा की. सात-आठ वरसं वाट बघा, अन् निघंल काय ते अल्लाला ठाऊक." त्याने बुंध्यापासून वर फांदीपर्यंत हात नेला. "हिचं वरचं अंग धड हाय. खालचं नाजूक हाय. तिला खालचं अंग दुसऱ्याचं द्या. तुमच्या बांधाला जंबिरी लिंबू हाय न्हाई का? तिचं मूळ चिवट. तिच्या रोपाला हिचा चश्मा बसवा."

चश्मा म्हणजे डोळा. पानाच्या देठाच्या बगलेत जो बारीक कोंब झोपलेला असतो, तो. रहीमभाईने तिथेच कमरेचा चाकू काढून दाखवले. रोपाच्या सालीवर एक आडवी चीर, तिच्या मधोमध खाली एक उभी. साल दोन्ही बाजूंनी अलगद उचकटायची, आणि महाळुंगीच्या काडीवरून सालीसकट उतरवलेला डोळा त्या फटीत वरून सरकवायचा. मग डोळा तेवढा उघडा ठेवून वर आणि खाली दोरा बांधायचा.

"बघायला सोपं हाय," तुळजाबाई म्हणाल्या.

"हां, बघायला," रहीमभाई म्हणाला.

तुळजाबाईंनी जंबिरीचे बी पेरले, आणि रोपे करंगळीएवढी जाड व्हायला पुढचे वर्ष उजाडले. मधल्या काळात त्यांनी हात बसवला. न्हाव्याकडून मोडक्या वस्तऱ्याचे पाते मागून आणले, बाभळीच्या मुठीत बसवले, आणि बांधावरच्या जंबिरीच्या काड्या तोडून आणून दुपारी ओट्यावर चिरत बसू लागल्या. रामकिसनराव जाता-येता बघत.

"भाजी कशाची हाय आज? काड्यांची?"

"तुमाला वाढीन तवा कळंल."

"वाढ बाई. दात हायेत तवर वाढ."

फसली १३२५ च्या मार्गशीर्षात त्यांनी पाच रोपांना डोळे भरले. आधी केळीच्या सोपटाने बांधले, पण थंडीच्या वाऱ्याने सोपट दोन दिवसांत वाळून तडकले. सुतळी सालीत रुतली असती. घरात मऊ सुती दोरा होता तो ओटीच्या सामानातला, लाल नाडा. तोच दुपदरी करून त्यांनी पाचही रोपांना बांधला. वर शेणमातीचा हात फिरवला, तरी दोरा लालच दिसत राहिला.

रहीमभाईने एक खूण सांगितली होती. डोळ्याखाली पानाचा देठ बोटभर ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावले आणि तो पिवळा होऊन टपकन गळला, तर डोळा जगला. देठ काळा पडून चिकटून राहिला, तर मेला. म्हणून तुळजाबाई रोज सकाळी अंघोळ झाली की परसात जात, रोपाशी गुडघे टेकत, डोके जमिनीपर्यंत वाकवून देठाला बोटाचे टोक लावत, आणि उठताना कपाळावर आलेला केस त्याच हाताने मागे सारत. पाच रोपांशी पाच वेळा. शेजारच्या छबुबाई गोठ्याच्या भिंतीवरून हे रोज बघत होत्या. त्यांनी काही विचारले नाही. तुळजाबाईंनी काही सांगितले नाही. कारण सांगायची त्यांना सवयच नव्हती; घरात त्या काय करायचे ते सांगत, आणि ते होई.

तीन देठ गळले, दोन चिकटून राहिले. जगलेल्या तीन रोपांचे शेंडे त्यांनी संक्रांतीला छाटले, म्हणजे सगळा जोर डोळ्याला मिळावा. दोरा अजून राहू दिला; कोवळा कोंब वाऱ्याने निखळला असता. आणि संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी धर्मापुरीहून माहेरचा गडी सांगावा घेऊन आला की भाऊ अंथरुणाला खिळला आहे, ताबडतोब या.

बैलगाडी दारात जुंपलेली होती. तुळजाबाईंनी सुनेला परसात नेले. विमल या घरात येऊन तीन वर्षे झाली होती. दोनदा तिचे दिवस चौथ्या महिन्यात वाया गेले होते, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.

"रथसप्तमीला हे दोरे कापायचे. मागल्या बाजूनं काप. पातं डोळ्याला लागू देऊ नको."

"हो, आत्याबाई."

"जुन्या झाडाला पाणी कमी घाल."

"हो."

ओट्यावर बसलेल्या रामकिसनरावांनाही त्यांनी हेच सांगितले आणि गाडीत बसल्या.

भाऊ उठून बसायला शिमगा उलटला. रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी तुळजाबाई परत आल्या. विमलने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. तिचे तोंड सुकले होते, डोळे आत गेले होते, पण ती हसत होती.

"आत्याबाई, आधी परसात चला. रोपं बगा किती फुटलीत."

रोपे खरोखरच फुटली होती. दोन रोपांवर हातभर उंच, गर्द हिरवे फुटवे आले होते. बुंध्यांना हळदीकुंकू लावलेले होते. आळी स्वच्छ होती, पाणी नुकतेच घातले होते. तुळजाबाई वाकल्या. त्यांनी एका फुटव्याचे पान खुडले, चुरगाळले आणि नाकाशी धरले. मग दुसऱ्याचे. ते महाळुंगीचे नव्हते, जंबिरीचे होते. फुटवे दोऱ्याच्या खालून आले होते. दोऱ्यात जो डोळा होता तो कोंब फुटून मग वाळून गेला होता, आणि दोरा सालीत इतका रुतला होता की दिसतही नव्हता.

तिसऱ्या रोपाचा डोळा जगला होता. वीतभर कोंब, चार पाने, पाने पिवळट. खाली दोरा काचलेला, त्याच्या वर सालीला सूज, आणि दोऱ्याखालून यालाही जंबिरीचे फुटवे यायला लागलेले.

तुळजाबाईंनी पाटाकडे पाहिले. जुनी महाळुंग पार वाळली होती. एका फांदीला दोन फळे सुरकुतून लोंबत होती. तिच्यावर आता डोळा घेण्यासारखी एकही काडी नव्हती.

"दोरे कावून कापले न्हाईत?"

विमलचे हसू गेले. "मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"नवसाचा दोरा मी कसा कापू, आत्याबाई?"

"कसला नवस?"

विमल जमिनीकडे बघत बोलली. "छबुमावशी म्हणल्या, तुझ्या सासूनं तुझ्यासाठी बांधलेत. रोज डोकं टेकवतीया म्हणल्या, पाच जागी. तुझ्या पोटी काही टिकावं म्हणून. म्हणल्या, तू बोलू नको, बोलल्यानं जातं."

तुळजाबाईंनी चुरगाळलेले पान खाली टाकले. मग त्या म्हणाल्या, "बांधणी हाय ती. हाड मोडल्यावर बांधत्यात तशी. रथसप्तमीला काप म्हणून मीच सांगून गेलते ना तुला?"

"सांगितलंत. मी पातं घेऊन आलते बी." ती थांबली. "पण त्याच आठवड्यात मला कळलं. मग माझा हातच उचलंना."

तुळजाबाईंनी आता तिच्याकडे नीट पाहिले. सुकलेले तोंड, पदराखाली पोटावर नकळत गेलेला हात.

"कितवा?"

"तिसरा संपत आला."

"पाणी तरी ठरतं का?"

"न्हाई."

तुळजाबाई म्हणाल्या, "हे बघ, मी काही नवस केला न्हाई. दोरा नुसता दोरा हाय."

"तुमी केला नसंल," विमल म्हणाली. तिचा आवाज बारीक पण सरळ होता. "मी केलाय. तिथंच. रोज हात जोडून. पोर हातात आलं की सोडीन म्हणाले."

त्या संध्याकाळी तुळजाबाई रामकिसनरावांवर उखडल्या.

"तुमाला बी सांगून गेलते मी."

"मला तू रोजच सांगतीस. त्यातलं कोणतं करायचं ते कुठं सांगतीस?"

"दोरा कापा म्हणलं होतं."

"म्हणली असशील. मी म्हणलं, सून हाय." त्यांनी तंबाखू मळली. "अन् एक सांगू? ती पोरगी सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची त्या काड्यांना. स्वतः उलट्या करायची अन् घागर उचलायची. शहादेव म्हणला, मी घालतो, तर देईना. मी काय कापायला जाऊ तिथं?"

शहादेव म्हणजे त्यांचा मुलगा. त्यालाही बायकोच्या दिवसांबद्दल माहीत होते, हे तुळजाबाईंना आता कळले. घरात त्या सोडून सगळ्यांना काही ना काही ठाऊक होते, आणि कुणीच कुणाला काही सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या झाडाची ती दोन फळे उतरवली आणि पाक घातला. तीन दिवस पाणी बदलले. एक बुडकुलेभर पाक झाला. एरवी केलेला अर्धाअधिक पाक वाटण्यात जाई. हा त्यांनी विमलच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "एवढाच हाय. रोज बोटभर."

बाजारच्या दिवशी रहीमभाई आला. त्याने तिसऱ्या रोपाशी उकिडवे बसून दोऱ्याच्या वर बोट फिरवले.

"अजून जीव हाय. आज कापा."

"कापता येत न्हाई."

"कावून?"

तुळजाबाईंनी सांगितले. रहीमभाई हसला नाही. त्याच्याकडच्या बायकाही दर्ग्याच्या झाडाला दोरे बांधत, आणि मागणे पुरे होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे.

"वरचा डोळा काढून दुसरीकडं बसवला तर?" त्यांनी विचारले.

"ही काडी कोवळी हाय, बाई. डोळा धरलाच न्हाई अजून. अन् ऊन बघा." तो उठला. "पंधरा दिवस. त्याच्या पुढं मला इचारू नका. सुनंला समजवा."

"काय समजवू? तिचं पोर अन् माझं झाड, ह्यात मी कसं बोलू?"

रहीमभाईने टोपली डोक्यावर घेतली. "मग बोलू नका," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, दुपारी, घरात सगळे निजले होते. विमल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, गार फरशीवर झोपली होती. तुळजाबाई पाते घेऊन परसात गेल्या. दोरा मागच्या बाजूने कापायचा, रुतलेला तसाच सालीत राहू द्यायचा, कापल्या जागेवर शेणमाती लिंपायची. काच सैल होईल, रोप जगेल, आणि दोरा पुढून तसाच दिसेल. कुणाला कळायचे कारण नव्हते. त्यांनी पात्याची धार दोऱ्याला टेकवली.

दोऱ्यात काही नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनीच तो ओटीच्या परडीतून काढून, दातांनी तोडून बांधला होता. पण पाते दाबताना त्यांच्या मनात आले की पोर सुखरूप झाले तर प्रश्न नाही. आणि नाही झाले तर? विमलला कळणार नाही. ती आपल्याच अंगाला, आपल्याच नशिबाला दोष देईल. आणि आपल्याला मात्र ही दुपार रोज आठवेल. दोऱ्याने काही झाले नाही असे आपण रोज स्वतःला सांगू, आणि रोज सांगावे लागेल.

त्यांनी पाते मिटल्या मुठीत धरले आणि उठल्या. वळून पाहिले तर विमल मागच्या दारात उभी होती. तिने सगळे पाहिले होते की नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळेना.

"फुटवे छाटायला आलते," तुळजाबाई म्हणाल्या. हे खोटे होते. पण बोलल्यावर त्यांना वाटले की ते तरी करावे. "खालचे. ते वरच्याचं खात्यात. तू म्हणशील तर छाटते. त्यांना काही दोरा न्हाई."

"कसं खात्यात?"

आणि मग तुळजाबाई पाटाच्या काठावर बसल्या आणि त्यांनी सुनेला सगळे सांगितले. मूळ कुणाचे, वरचे अंग कुणाचे. जुनी महाळुंग कशी पायातून कुजली. फाटे का लागले नाहीत. डोळा म्हणजे काय, तो सालीत कसा बसतो, देठाला बोट का लावायचे, दोरा कशासाठी आणि किती दिवस. आयुष्यात त्या एका कामाबद्दल इतके बोलल्या नव्हत्या. मधे मधे त्यांना स्वतःचाच कंटाळा आला, तरी विमल ऐकत होती म्हणून त्या बोलत राहिल्या.

"मग दोऱ्यानं रस अडतो?" विमलने विचारले.

"अडतो."

"खालचा वर जाईना होतो?"

"वरचा खाली येईना होतो. पानात जे शिजतं ते मुळाला मिळंना होतं. मग मूळ आपलं आपलं फुटतं, अन् वरचं उपाशी मरतं."

'मग काप की' हे तुळजाबाईंच्या ओठांवर आले होते. ते त्यांनी गिळले. फुटवे छाटून झाले तेव्हा तिसरे रोप उघडे पडल्यासारखे दिसू लागले. चारातले एक पान त्याच दिवशी गळून पडले.

पाडवा होऊन चार दिवस झाले, तेव्हा सकाळीच एक म्हातारी दारात आली. पलीकडच्या वाडीची होती. तिच्या नातीला पाचवा लागला होता आणि अजून पोटात काही टिकत नव्हते.

"आक्का, थोडा द्या. लई लांबून आले."

"न्हाई हो," तुळजाबाई म्हणाल्या. "झाड गेलं आमचं."

"गेलं? मग आता?"

"आता न्हाई."

म्हातारी तरी बसून राहिली. ज्या घरून आजवर कुणी रिकामे गेले नव्हते तिथून उठायचे कसे, हे तिला कळत नसावे. तेवढ्यात विमल आतून ते बुडकुले घेऊन आली. निम्म्याहून जास्त पाक संपला होता. तिने म्हातारीची वाटी घेतली आणि उरलेल्यातला निम्मा तिच्यात काढला. तुळजाबाई बघत राहिल्या. म्हातारीने वाटीवर पदर धरला, विमलच्या पोटाकडे एक नजर टाकली आणि तिच्या गालावरून बोटे फिरवून कानशिलाशी मोडली.

ती गेल्यावर विमल ओट्यावर बसली. तिने बुडकुले मांडीत घेतले होते.

"आत्याबाई, मी जर दोरा तिथून काढला तर नवस मोडला असं होतं का?"

"मला काय इचारतीस? नवस तुझा हाय."

"तुमाला काय वाटतं ते सांगा."

तुळजाबाईंनी परसाकडे पाहिले. "मला झाड पाहिजे," त्या म्हणाल्या. "म्हणून माझं ऐकू नको. मी झाडाकडनंच बोलणार."

विमलने मान हलवली. "मी म्हणाले होते, पोर हातात आलं की सोडीन. सोडणार न्हाईच मी. फक्त जागा बदलते. माझ्या हाताला बांधते. मागणं माझं हाय, तर त्याचा काच रोपानं कावून सोसावा?"

"भ्या वाटतंय का?"

"वाटतंय."

"मग उद्या बघू."

"न्हाई, आत्ताच," विमल म्हणाली आणि बुडकुले खाली ठेवून उठली.

पाते विमलने धरले. तुळजाबाईंनी फक्त रोप दोन बोटांत स्थिर धरले आणि कुठे टेकवायचे ते दाखवले. दोरा कापला गेला, पण निघेना. साल त्याच्यावर चढली होती. बाभळीच्या काट्याने थोडा थोडा उकरून काढावा लागला, आणि काढताना तो तीन ठिकाणी तुटला. भिजून, कुजून मऊ झालेले, रंग गेलेले तीन तुकडे विमलच्या तळहातावर आले. तिने ते बोटाने टोकाला टोक लावून जुळवून पाहिले.

"तुटला, आत्याबाई."

"दे इकडं."

तुळजाबाई घरात गेल्या, परडीतून नवा लाल नाडा काढला, त्याच्या पदरांत ते तीन तुकडे घालून मांडीवर पीळ दिला. तुकडे आत गेले, दिसेनासे झाले. मग त्यांनी विमलचा डावा हात पुढे घेतला.

"घट्ट बांधा," विमल म्हणाली. "सुटायला नको."

"सुटणार न्हाई." त्यांनी दोऱ्याखाली आपली दोन बोटे घातली आणि त्यांच्यावरून गाठ मारली. "पण ढिला ठेवायचा. सातव्या-आठव्यात हात सुजत्यात. दर पंधरा दिवसांनी मी बघणार, अन् लागंल तशी गाठ पुढं सरकवणार. गाठ सरकवली म्हणून नवसाला काही होत न्हाई. सांगून ठेवते आधीच."

विमलने मनगट फिरवून पाहिले. रोपाच्या बुंध्यावर, दोरा होता तिथे, एक खोल ओली खाच राहिली होती. तुळजाबाईंनी तिच्यावर शेणमाती लिंपली, रोपाला काठी लावली आणि उन्हाच्या बाजूला जुने तरटाचे पोते उभे केले.

पुढे भाद्रपदात विमलला मुलगी झाली. महाळुंगीला पहिले फळ यायला आणखी तीन पावसाळे गेले. ते झाड बुंध्याशी जरा कलते वाढले आणि खाचेच्या वरची सूज त्याला कायमची राहिली. पण त्या चैत्रात यातले काहीच कुणाला ठाऊक नव्हते. रोपाला तीन पाने होती, आणि विमलला चौथा महिना लागला होता, तोच चौथा. तुळजाबाई रोज सकाळी आधी परसात जाऊन खाचेवर बोट फिरवत, मग आत येऊन सुनेच्या मनगटाखाली दोन बोटे सरकवून पाहत. छबुबाई भिंतीवरून विचारत, "आज काय, तुळजाक्का?"

"आज बरं हाय," तुळजाबाई सांगत. मग थोडे थांबून त्या कारणही सांगत.